स्वाहिली भाषक नेटवर माहिती कशी शोधतात, आणि भाषांतर केलेली पानं त्यांना का सापडत नाहीत?

पुण्यातली एक संस्था टांझानियातल्या दवाखान्यांबरोबर आई-बाळाच्या आरोग्याची माहिती स्वाहिलीत देण्याच्या तयारीत आहे. इंग्रजी मजकूर हाताशी आहे. तो भाषांतर करून चढवला आणि इंग्रजी शोधशब्दांची स्वाहिली यादी करून घेतली, तर लोक तिथवर पोचतील का? आणि मुळात स्वाहिली बोलणारी माणसं नेटवर शोधतात कशी? असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. बरीच वर्षं मी दार-एस-सलाम आणि मोम्बासा इथल्या माहितीसेवांमध्ये हेच काम केलं आहे. लोक काय टाइप करतात, समोर काय येतं आणि कुठल्या टप्प्यावर ते नाद सोडतात, हे पाहायचं. म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

अशी पानं फार थोड्यांना सापडतील. कारण स्वाहिली भाषक शोधायला बसतो तेव्हा शब्द निवडण्याआधी भाषा निवडतो. 'हे स्वाहिलीत कुणी लिहून ठेवलं असेल का?' याचा अंदाज तो क्षणात बांधतो. असेल असं वाटलं तर स्वाहिलीत टाइप करतो. नसेल असं वाटलं तर जमेल तसं इंग्रजी लिहितो, दोन्ही भाषा मिसळतो, नाहीतर शोधपेटीकडे न जाता सरळ कुणाला तरी विचारतो. त्यामुळे शोधाच्या नोंदींमध्ये जी स्वाहिली दिसते, तिला लोकांच्या गरजांची यादी समजू नका. ज्या गोष्टींची उत्तरं स्वाहिलीत मिळतात असा अनुभव लोकांना आलेला आहे, तेवढ्यांचीच ती यादी असते. शोधशब्द मोजणाऱ्या साधनात एखाद्या विषयासमोर शून्य दिसलं की संस्था तो विषय गाळतात. पान नाही म्हणून कुणी शोधत नाही, आणि कुणी शोधत नाही म्हणून पान लिहिलं जात नाही. तुमच्या कामाला सगळ्यात मोठा धोका इथे आहे.

टांझानियात लोक बिनधास्त स्वाहिलीत काय शोधतात ते पाहा. परीक्षांचे निकाल: 'मातोकेओ या किदातो चा न्ने', म्हणजे माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षाचा निकाल, आणि पुढे साल आणि 'नेक्टा' हे परीक्षा मंडळाचं नाव. नोकऱ्या: 'नाफासी झा काझी'. सरकारी भरतीत मुलाखतीला कुणाकुणाला बोलावलं: 'वालिओइत्वा क्वेन्ये उसाइली'. आजची वर्तमानपत्रं: 'मागाझेती या लेओ'. सिम्बा आणि यांगा या दोन फुटबॉल क्लबांच्या बातम्या आणि खेळाडूंच्या अदलाबदलीच्या वावड्या. एखाद्या वस्तूची किंमत: 'बेई या' अमुक. या सगळ्यांत एक समान धागा आहे. उत्तर मुळातच स्वाहिलीत जन्मलेलं असतं. मंत्रालय यादी स्वाहिलीत लावतं, पेपर स्वाहिलीत छापला जातो, सामन्याचं समालोचन स्वाहिलीत होतं. म्हणून शोधणाऱ्याला स्वाहिलीचा भरवसा वाटतो.

आरोग्य या भरवशाच्या अर्ध्या वाटेवर आहे. 'दालिली झा' अमुक, म्हणजे अमुकची लक्षणं, आणि 'दावा या' अमुक, म्हणजे अमुकवर औषध, हे दोन साचे खूप वापरले जातात. पण त्यांना मिळणारी उत्तरं बऱ्याचदा जडीबुटी विकणाऱ्यांची असतात, नाहीतर यंत्राने भाषांतर केलेली, वाक्य पुरतं न लागणारी पानं. तज्ज्ञ डॉक्टर इंग्रजीत लिहितात. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक शाळा इंग्रजीत असते, त्यामुळे जीवशास्त्र शिकलेल्या माणसाला शरीराबद्दल लिहायला इंग्रजीच सोपं जातं. वाचणारीची शाळा मात्र कदाचित सातवीलाच सुटलेली असते.

केनियाचं चित्र वेगळं आहे. तिथे २०१० च्या राज्यघटनेने स्वाहिलीला राष्ट्रभाषा आणि इंग्रजीबरोबर राजभाषाही केलं, पण शोधायची वेळ आली की नैरोबीचा माणूस इंग्रजीकडेच वळतो. घरात स्वाहिली किंवा शेंग ही शहरी मिश्रभाषा, शोधपेटीत इंग्रजी. केनियातले स्वाहिली शोध पाहिले तर त्यात विद्यार्थ्यांचा गृहपाठ ठसठशीत दिसतो: म्हणी आणि त्यांचे अर्थ, निबंधाचे नमुने, नामांचे वर्ग. पूर्व काँगोत स्वाहिलीच्या शेजारी फ्रेंच असते. तेव्हा 'स्वाहिली भाषक' असा एकच गठ्ठा धरू नका. तुमचं काम टांझानियात आहे, तर पुढचं सगळं टांझानिया समोर ठेवून लिहितो.

मिश्र शोध हा अपवाद नसून रोजचा रिवाज आहे, आणि त्यात सरळ व्यवहारबुद्धी आहे. दवाखान्यातून मिळालेल्या पाकिटावरचं नाव जसंच्या तसं उतरवायचं आणि भोवती स्वाहिली लावायची: 'अमॉक्सिसिलिन नी दावा या नीनी', अमॉक्सिसिलिन हे कशावरचं औषध आहे? शेवटी 'पीडीएफ' जोडायची सवय तर सर्रास आहे. डेटाचं 'बांदो' संपत आलेलं असतं, फाइल एकदा उतरवली की व्हॉट्सअ‍ॅपवर दहा जणांना देता येते. तुमच्या प्रत्येक महत्त्वाच्या पानाची हलकी, कमी वजनाची पीडीएफ असू द्या, आणि तिच्या नावात स्वाहिली शब्द असू द्या. पुष्कळ संस्थांच्या फायलींना 'अंतिम आवृत्ती ३' असलं नाव असतं, ती कुणाला सापडणार?

आता भाषेच्या घडणीकडे येऊ. यंत्राची खरी अडचण तिथे आहे. मराठीत बदल शब्दाच्या शेपटाला होतो: दवाखाना, दवाखान्यात, दवाखान्यातून. शेपूट छाटलं की मूळ शब्द हाती लागतो. इंग्रजीसाठी बनवलेल्या शोधप्रणालीही शेपूटच छाटतात. स्वाहिलीत बदल मुख्यतः डोक्याला होतो. मूल 'म्तोतो', मुलं 'वातोतो'. कर्ज 'म्कोपो', कर्जं 'मिकोपो'. दात 'जिनो', अनेक दात 'मेनो'. क्रियापदात तर कर्ता, काळ, संबंध सगळं सुरुवातीला लागतं. विद्यार्थ्यांच्या निवडयादीसाठी लोक 'माजिना या वालिओचागुलिवा' असं शोधतात, म्हणजे 'निवडले गेलेल्यांची नावं'. त्या एका शब्दात 'वा' म्हणजे ते, 'लि' म्हणजे भूतकाळ, 'ओ' म्हणजे जे, आणि मग कुठे 'चागुलिवा', निवडलं जाणं. ज्या पानावर 'वामेचागुलिवा', म्हणजे 'त्यांची निवड झाली आहे', असं लिहिलंय ते आणि हा शोध यांची सुरुवातीची अक्षरं 'वा'च्या पलीकडे जुळत नाहीत. टाइप करता करता शब्द सुचवणारी सोयही इथे लंगडी पडते, कारण शब्दाच्या पहिल्या दोन-तीन अक्षरांत अर्थ जवळजवळ नसतोच.

लोकांनी यावर आपापली वाट काढली आहे. 'जिन्सी या कु...' म्हणजे 'अमुक करायची रीत' ही सुरुवात इतकी लोकप्रिय का आहे, तर तिच्यामागे क्रियापद नेहमी एकाच मूळ रूपात येतं. 'मी कसं बनवू', 'आम्ही कसं बनवतो', 'त्याने कसं बनवलं' या सगळ्या रूपांऐवजी एकच ठरलेलं रूप. पिलाऊ शिजवण्यापासून सिमकार्ड नोंदवण्यापर्यंत सगळं या साच्यात बसतं. तुमच्या पानांची शीर्षकं या साच्यात लिहा, अर्धं काम तिथेच होईल.

शब्दाच्या सुरुवातीची अक्षरं आंधळेपणाने छाटली तर काय होतं, याचं एक उदाहरण भारतीय वाचकाच्या लगेच लक्षात येईल. 'म्हिंदी' म्हणजे भारतीय माणूस, 'वाहिंदी' म्हणजे भारतीय लोक, 'किहिंदी' म्हणजे हिंदी भाषा. आणि 'माहिंदी' म्हणजे मका, टांझानियाचं मुख्य अन्न. 'म', 'वा', 'कि', 'मा' उडवले की चारही ठिकाणी 'हिंदी' एवढंच उरतं. अशी कच्ची प्रणाली मक्याचा भाव विचारणाऱ्या शेतकऱ्यापुढे हिंदी सिनेमे आणून ठेवते. गूगलसारखी मोठी यंत्रं आता शब्दांचे तुकडे आणि आजूबाजूचा संदर्भ पाहून हे बरंच सांभाळतात. पण तुमच्या संकेतस्थळाच्या आतली शोधपेटी, दवाखान्याचं ॲप, प्रश्नोत्तरांचा छोटा साठा, इथे ही चूक आजही सर्रास होते. त्यांना स्वाहिलीसाठी निदान चार-पाच अक्षरांच्या तुकड्यांवर जुळवणी करायला लावा, आणि महत्त्वाच्या नामांची एकवचन-अनेकवचनाची जोडयादी हाताने भरा. यादी काही शेकड्यांपलीकडे जात नाही.

'या', 'वा', 'झा', 'चा' हे छोटे जोडशब्द निरुपयोगी म्हणून गाळायचा मोहही आवरा. ताप म्हणजे 'होमा'. पण 'होमा या मातुम्बो' म्हणजे टायफॉइड, 'होमा या इनी' म्हणजे यकृताचा आजार, हिपॅटायटिस, 'होमा या मान्जानो' म्हणजे पीतज्वर. हे अख्खे शब्दसमूह एकेका आजाराची नावं आहेत, ते फोडले की आईच्या हाती साध्या तापाची माहिती पडते. दातांचंही तसंच. 'दावा या मेनो' शब्दशः दातांचं औषध, पण बाजारात त्याचा अर्थ टूथपेस्ट. दात ठणकणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो 'दावा या जिनो लिनालोउमा', दुखणाऱ्या दाताचं औषध, असं एकवचनात आणि लांबलचक लिहितो. पुण्यात बसून शब्दकोशावरून केलेल्या यादीत हे कधीच येणार नाही.

याहून मोठी दरी आजाराच्या नावात आहे. टांझानियातल्या मोरोगोरो शहरात एका शिवणकाम करणाऱ्या तरुण आईच्या शेजारी बसून मी तिचा शोध पाहिला होता. बाळाला ताप होता आणि झोपेत ते दचकत होतं. तिने आधी बहिणीला आवाजी निरोप पाठवला. उत्तर येईना, तेव्हा शोधपेटीत लिहिलं: 'म्तोतो वांगू अनाश्तुका श्तुका अकिलाला', माझं बाळ झोपलं की सारखं दचकतं. समोर आलं ते बाळाच्या झोपेच्या सवयींबद्दलचं एक ओढूनताणून भाषांतर केलेलं पान. तिने दोन ओळी वाचून ते मिटवलं आणि एकच शब्द लिहिला: 'देगेदेगे'. मग तिच्यापुढे झाडपाल्याचे उपाय सांगणारे व्हिडिओ आले, आणि ती ते पाहू लागली.

देगेदेगे म्हणजे ताप चढून लहान मुलाला येणारे झटके. मलेरिया मेंदूपर्यंत गेला तरी असेच झटके येतात, आणि तेव्हा एकेक तास मोलाचा असतो. पण टांझानियाच्या किनारी आणि आतल्या भागातही पुष्कळ घरांत देगेदेगे हा मलेरियापासून वेगळा, बाहेरच्या बाधेचा आजार मानला जातो, आणि मूल आधी वैदूकडे नेलं जातं. आरोग्याचं काम करणाऱ्यांना हे कधीपासून ठाऊक आहे. तरी 'तीव्र मलेरिया' या मथळ्याची सुंदर पानं लिहिली जातात आणि त्यांत 'देगेदेगे' हा शब्द एकदाही नसतो, कारण तो 'अशास्त्रीय'. म्हणजे ज्या आईला त्या पानाची सगळ्यात जास्त गरज आहे तिच्यासाठी दार आतून बंद. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. शब्द लोकांचा घ्या, मथळ्यात घ्या, आणि मजकुरात पहिल्याच ओळीत सांगा की देगेदेगे दिसलं तर मूल लगेच दवाखान्यात न्या, ते का, आणि वाटेत काय करायचं नाही. बाधेचा समज खोडायला निबंध लिहू नका. ती बाळ हातात घेऊन वाचते आहे.

शिष्ट आणि रोखठोक शब्दांचा प्रश्नही याच घरातला. गरोदरपणासाठी सरकारी पत्रकांत 'उजाउझितो' हा सभ्य शब्द येतो. शोधपेटीत 'मिम्बा' येतो, जो चारचौघांत जरा उघडा वाटतो. पेटीसमोर माणूस एकटा असतो, तिथे लाज नसते. रक्तदाबाला पुस्तकी नाव 'शिनिकिझो ला दामू', लोक म्हणतात 'प्रेशा'. मधुमेहाला 'किसुकारी' हे नाव आहे, पण पुष्कळ जण नुसतं 'सुकारी' म्हणतात, आपल्याकडे 'शुगर आहे' म्हणतात तसंच. पानात दोन्ही शब्द हवेत: मथळ्यात लोकांचा, मजकुरात दोन्ही. भाषांतरकार बहुधा प्रमाण शब्दच वापरतील, कारण तेच त्यांचं शिक्षण आहे. त्यांना तसं करायची मोकळीक द्या, पण त्यांच्यानंतर एखाद्या परिचारिकेची नजर मजकुरावरून फिरली पाहिजे.

लेखनाच्या तऱ्हा थोडक्यात सांगतो. गाय म्हणजे 'ङोम्बे'. आपल्याकडे 'ङ' हे अक्षर आहे, पण आज रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या स्वाहिलीत तो ध्वनी 'एन', 'जी' आणि वर एक अर्धा स्वल्पविराम अशा तिघांनी दाखवतात. फोनवर ते चिन्ह शोधत कोण बसतो? काही जण गाळतात, काही जण वेगळंच टिंब टाकतात, काहींचा कीबोर्ड वळलेलं चिन्ह घालतो. यंत्राच्या लेखी हे तीन-चार निरनिराळे शब्द. तरुण पोरं 'तु' ऐवजी '२' चा आकडा लिहितात, कारण इंग्रजीत तो 'टू'. 'सि' ऐवजी इंग्रजी वर्णमालेतलं 'सी' हे एकच अक्षर. बहुतेकांची स्वाहिली ही दुसरी भाषा असते, घरची भाषा सुकुमा, चागा, हाया अशी काही असते. त्यामुळे 'र' आणि 'ल' यांची अदलाबदल होते, शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गळतो. ही सगळी रूपं शोधाच्या बाजूला सांभाळायची असतात. पानावर अशुद्ध लिहायची काही गरज नाही.

गावांच्या नावांतही गंमत आहे. किलिमांजारो प्रांतात 'सामे' नावाचं गाव आहे, रोमन अक्षरांत ते इंग्रजीतल्या 'सेम'सारखं दिसतं, आणि यंत्र ते इंग्रजी समजून बसतं. त्याच प्रांताचं मुख्य शहर मोशी. स्वाहिलीत 'मोशी' म्हणजे धूरही. आणि पुण्यातून शोधलंत तर पिंपरी-चिंचवडची मोशी आधी येईल. तेव्हा तुमच्या कचेरीत बसून चाचणी करू नका. तिथल्या फोनवर, तिथल्या सिमकार्डावर करा.

आवाजाने शोधणं वाढतंय. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने आवाजाने टाइप करायच्या सोयीत एकदम ३० भाषांची भर घातली, त्यात स्वाहिली होती आणि मराठीही. स्वाहिलीला केनिया आणि टांझानिया असे दोन वेगळे पर्याय आहेत, आणि फोनमध्ये चुकीचा पर्याय निवडलेला असतो हे मी वारंवार पाहिलं आहे. बोलून केलेला शोध लांब असतो, त्यात नमस्कार-विनंतीही येते. 'नाओम्बा कुजुआ', म्हणजे 'जाणून घ्यायची विनंती आहे', अशी सुरुवात करून पूर्ण वाक्य. असं वाक्य पेलायला पानावरही पूर्ण प्रश्न मथळा म्हणून असावा लागतो.

ही विनंतीची भाषा आली कुठून? माणसांना विचारायच्या सवयीतून. टांझानियात नेटवरची माहिती म्हणजे मोठ्या प्रमाणात माणसांनी माणसांना दिलेली उत्तरं. २००६ मध्ये सुरू झालेल्या जामीफोरम्स या चर्चेच्या संकेतस्थळावर लोक 'वाकू' अशी हाक मारून, म्हणजे 'मोठ्या मंडळींनो' म्हणून, सल्ला मागत आले आहेत, आणि गूगलमधून शोधणारा बऱ्याचदा अशाच जुन्या चर्चेत जाऊन पडतो. २०१८ मध्ये टांझानियाने ऑनलाइन मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यांवर परवाना आणि शुल्क लादलं. जूनमध्ये जामीफोरम्स काही काळ बंद राहिलं, पुष्कळ छोट्या ब्लॉगवाल्यांनी लिहिणं थांबवलं. जे उघड्यावर लिहिलं गेलं असतं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद गटांत गेलं, जिथे कुठलंही शोधयंत्र पोचत नाही. २०२० मध्ये नवे नियम आले आणि पुढेही दुरुस्त्या झाल्या. तुमच्या संकेतस्थळाला परवाना लागतो का, हे तिथल्या वकिलाला आधीच विचारून घ्या.

आणि सगळेच लोक शोधपेटीपर्यंत येतात असंही नाही. खेड्यात अजून 'किटोची' चालतो, विजेरीवाला साधा फोन. म्हणून तिथल्या यशस्वी सेवा एसएमएसवर उभ्या राहिल्या. २०१२ मध्ये टांझानियात सुरू झालेल्या 'वाझाझी निपेन्देनी' या मोहिमेत गरोदर बाईने 'म्तोतो' हा एक शब्द १५००१ या क्रमांकावर पाठवायचा, की तिला महिन्यांनुसार मोफत निरोप यायचे. एकच शब्द, तोही तिच्या तोंडातला. केनियात जकारांडा हेल्थ या संस्थेची 'प्रॉम्प्ट्स' नावाची सेवा आहे, तिथे आया स्वाहिली, इंग्रजी, शेंग कशातही प्रश्न पाठवतात. त्याच संस्थेने २०२३ मध्ये 'उलिझालामा' हे स्वाहिलीतून उत्तर देणारं भाषामॉडेल बाहेर आणलं. 'उलिझा' म्हणजे 'प्रश्न विचार'. बायका खरोखर जे विचारतात त्या प्रश्नांचा असा साठा त्यांच्या हाताशी होता, हे त्यांचं बळ, असं माझं मत आहे.

प्रश्नांचा असा साठा तुम्हालाही हवा. तो मिळवायची रीत सोपी आहे. २०२० मध्ये गूगलच्या संशोधकांनी ११ भाषांचा एक प्रश्नसंच तयार केला. त्यात स्वाहिली आहे, बंगाली आणि तेलुगू आहेत, मराठी नाही. त्यांनी भाषांतर टाळलं. त्या त्या भाषेच्या माणसाला एखाद्या विषयाचा छोटासा तुकडा दाखवला आणि ज्याचं उत्तर तुला माहीत नाही पण जाणून घ्यायचंय असं काही विचार, म्हणून सांगितलं. दवाखान्यात बाळांच्या लसीकरणाच्या दिवशी रांगेतल्या आयांशी हेच करा. परिचारिकेला तिच्याच शब्दांत, काहीही न सुधारता, प्रश्न वहीत उतरवू द्या. दोन-तीन जिल्ह्यांतून असे प्रश्न आले की तुमच्या पानांचे मथळे आपोआप तयार होतील, आणि शोधशब्दांच्या साधनांनी 'मागणी शून्य' म्हणून सांगितलेले कितीतरी विषय त्यात दिसतील.

भाषांतरात एक जागा अशी आहे की जिथे चूक झाली तर औषध चुकेल. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. सकाळचे ७ म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. सकाळचे ८ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. इंग्रजी मजकुरातलं 'सकाळी ८ वाजता गोळी' यंत्राने तसंच 'सा नाने', म्हणजे आठवा तास, केलं, तर वाचणारीसाठी ते दुपारचे २ होतात. सामन्याची वेळ शोधणाऱ्यांची यामुळे फसगत होते. गोळीच्या बाबतीत ती परवडणार नाही. वेळ दोन्ही पद्धतींनी लिहा, किंवा 'न्याहारीबरोबर' असं लिहा. आकड्यांत मात्र तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. टांझानियात एक लाखाला 'लाकी' म्हणतात, आणि लोक 'दोन लाकीतला फोन' असाच शोध घेतात. खर्चाचं काही लिहिणार असाल तर लाकीतच लिहा.

कुठून सुरुवात करायची, तर थोड्या पानांनी करा. इंग्रजीतली शंभर पानं भाषांतर करण्यापेक्षा रांगेतल्या प्रश्नांवरची वीस पानं स्वाहिलीतच लिहून घ्या, तिथल्या परिचारिकेकडून किंवा क्लिनिकल ऑफिसरकडून (डॉक्टरच्या खालोखाल रुग्ण तपासणारा प्रशिक्षित कर्मचारी), आणि डॉक्टरांकडून तपासून घ्या. प्रत्येक पानाला एक मिनिटाचा आवाजी निरोप जोडा, तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि वाचता न येणाऱ्या आजीपर्यंतही पोचतो. संकेतस्थळाच्या आतल्या शोधपेटीत ज्या शोधांना काहीच मिळालं नाही त्यांची यादी दर आठवड्याला एका टांझानियन माणसाने डोळ्यांखालून घालायची. मी कामाला लागलो की पहिली तीच यादी मागतो. आणि देगेदेगेचं पान सगळ्यात आधी लिहा. 'मासिका' हा मोठा पाऊस मार्च ते मे पडतो, त्याच्या मागोमाग मलेरिया चढतो. नवं पान शोधयंत्रांत वर यायला वेळ लागतो, तेव्हा ते डिसेंबर-जानेवारीतच चढलेलं हवं.